सहा नामांकने, ऑस्कर एकही नाही

ऑस्करचा मोसम आला की नायक-नायिकांच्या छायाचित्रांनी पाने भरतात. थेल्मा रिटरची आठवण मात्र कुणी काढत नाही. १९०२ साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या या अभिनेत्रीने चित्रपटात पाऊल ठेवले तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. १९४७ च्या 'मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट'मध्ये ती खरेदीने दमलेली आई झाली, पण श्रेयनामावलीत नाव नव्हते. पुढे १९५० ते १९६२ या काळातील चित्रपटांसाठी साहाय्यक अभिनेत्रीची सहा नामांकने मिळाली, पुरस्कार एकदाही नाही. हिचकॉकच्या 'रिअर विंडो'मध्ये पाय प्लास्टरमध्ये असलेल्या जेम्स स्ट्युअर्टला मालिश करता करता लग्नावरून फैलावर घेणारी नर्स तिचीच. त्या भूमिकेला तर नामांकनही नव्हते, आता बोला! 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट'मध्ये ती टाय विकणारी खबरी आहे. बेवारस म्हणून पुरले जाऊ नये यासाठी पैसे साठवणारी. तिचा शेवटचा प्रसंग नायकालाही झाकोळून टाकतो. रंगभूमीवर १९५८ साली टोनी हा अमेरिकी नाट्यपुरस्कार मिळाला, तोही सहअभिनेत्री ग्वेन व्हर्डनबरोबर विभागून. आपल्या चित्रपट पुरवणीत अशा दुय्यम भूमिकांतल्या कलावंतांसाठी एखादा रकाना सुरू करावा, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे