शाळेच्या तपासणीतून वजनदार मूल निसटते

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून त्याची पथके मराठवाड्यातल्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचली आहेत. हृदयाला छिद्र असलेली, दुभंगलेल्या ओठांची, ऐकू न येणारी मुले या पथकांनी शोधली आणि उपचारापर्यंत नेली, त्या कामाचे मोल मोठे आहे. पण तपासणीची नजर अजून हडकुळ्या मुलावरच आहे. कार्यक्रमाच्या मूळ ३० आजारांच्या यादीत तीव्र कुपोषण आहे, लठ्ठपणा वेगळा नाही. त्यामुळे सातवीतला साठ किलोचा मुलगा काट्यावर चढतो, आकडा रजिस्टरात जातो आणि पुढच्या मुलाचे नाव पुकारले जाते. घरी तर तो 'अंगाने भरलेला', 'खात्यापित्या घरचा' म्हणून कौतुकाचाच असतो. या मुलाचा रक्तदाब, मान, कंबर कुणीच पाहत नाही. ते पाहायला फार पैसा लागत नाही, पण पद्धत मात्र चोख लागते. ती इथे सविस्तर मांडतो.

सुरुवात उंचीपासून, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. ११ वर्षांचा मुलगा, वजन ४५ किलो, उंची १४० सेंटिमीटर: त्याचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, जवळजवळ २३ येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलासाठी लठ्ठपणाची रेषा २२.५ आहे. हाच मुलगा बूट घालून उभा राहिला आणि उंची १४३ लागली, तर बीएमआय २२ होतो आणि त्याचे नाव यादीतून जाते. बऱ्याच शाळांत भिंतीला चिकटवलेला कागदी टेप फरशीपासून नव्हे, तर खालच्या पट्टीच्या वरून सुरू होतो, त्यामुळे सगळ्या वर्गाचीच उंची चुकते. टेप लावताना शून्य जमिनीला टेकलेले आहे का, हे आधी बघावे. बूटमोजे काढायचे, टाचा, नितंब, खांदे भिंतीला, नजर सरळ समोर. मुलींचा अंबाडा किंवा वर बांधलेल्या वेण्या सोडायला सांगाव्यात, नाहीतर डोक्यावर ठेवलेली पट्टी दोन सेंटिमीटर वरच थांबते.

काटा जाजमावर किंवा उंचसखल फरशीवर ठेवला की आकडा हलतो. कडक जमिनीवर ठेवा आणि सकाळी सुरुवातीलाच गावातल्या किराणा दुकानातली शिक्का मारलेली दहा किलोची दोन वजने त्यावर ठेवून पाहा. वीसच्या जागी साडेएकोणीस दिसले तर त्या दिवशीचे सगळे काम वाया जाणार. खिसे रिकामे करून घ्या, स्वेटर काढायला लावा.

बीएमआय काढल्यावर मोठ्यांचा २५ चा निकष मुलांना लावू नये. ही चूक शिकलेल्या लोकांकडूनही होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दहा वर्षांच्या मुलाला १८.५ च्या वर जादा वजन आणि २१.४ च्या वर लठ्ठपणा धरतात. २५ ची वाट पाहिली तर निम्मी मुले सुटतील. भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे वाढीचे तक्ते ५ ते १८ वयासाठी आहेत. त्यात आपल्याकडच्या मोठ्यांच्या २३ (जादा वजन) आणि २७ (लठ्ठपणा) या निकषांशी जुळणाऱ्या दोन रेषा मुलगा-मुलगी वेगवेगळ्या आखलेल्या आहेत. आपल्या मुलांसाठी तेच वापरावेत आणि छापून वर्गशिक्षकांच्या हाती द्यावेत.

कंबरेसाठी तर सुतळीचा तुकडाही पुरतो. मुलाच्या उंचीएवढी सुतळी घ्या, मध्ये दुमडा आणि कंबरेभोवती फिरवा. टोके भिडली नाहीत तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, म्हणजे पोटात चरबी साठते आहे. मोजायचे ते शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. पँटच्या पट्ट्यावर नव्हे.

मग मान. मागच्या बाजूला, काखेत काळपट, जाडसर, मखमलीसारखी कातडी दिसते. आई ती घासणीने घासते, शाळेत मूल "आंघोळ नीट करत नाहीस" म्हणून बोलणी खाते. ओल्या कापडाने पुसून पाहा. मळ असेल तर निघेल, ही निघत नाही. जादा वजनाच्या मुलात ही बहुतेक वेळा इन्शुलिनला शरीर दाद देत नसल्याची खूण असते. अशा मुलाची साखर बघायलाच हवी. ही खूण ओळखायला डॉक्टर लागत नाही, आशाताई आणि शिक्षक अर्ध्या तासात शिकतात.

रक्तदाबाचे यंत्र असते, पण कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, मोठ्यांचा एकच. कफच्या आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के हवी आणि लांबीने दंडाचा ८० ते १०० टक्के घेर झाकला पाहिजे. जाड दंडाला लहान कफ लावला तर दाब खोटाच वाढलेला दिसतो आणि निरोगी मूल विनाकारण रुग्णालयाच्या चकरा मारते. बारीक दंडाला मोठा कफ लावला तर उलट होते. पथकाकडे निदान तीन मापांचे कफ हवेत. मूल पाच मिनिटे शांत बसलेले असावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. मैदानातून पळत आलेल्याचा दाब घेऊ नये. तेराव्या वर्षानंतर १२०/८० आणि त्यापुढचा आकडा पुन्हा मोजावा. दहा वर्षांच्या मुलात, अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०१७ च्या तक्त्याप्रमाणे, १०८/७२ लाच थांबून पुन्हा पाहावे. वेगवेगळ्या तीन दिवशी वाढलेला सापडला तरच 'रक्तदाब' म्हणावे.

शाळेत बोट टोचून साखर बघण्याची शिबिरे भरतात, त्यांना आमचा विरोध आहे. खाऊन आलेल्या मुलाची साखर नॉर्मल आली की पालक निश्चिंत होतात, आणि सुरुवातीचा बिघाड त्यात दिसतच नाही. रक्त तपासावे ते वय दहाच्या पुढे किंवा वयात येऊ लागलेल्या, जादा वजनाच्या मुलाचे. शिवाय मानेवर खूण, घरात मधुमेह, आईला गरोदरपणी साखर किंवा जन्मवजन कमी, यांपैकी काहीतरी असावे. तपासणी ग्रामीण रुग्णालयात, ठरलेल्या वारी, उपाशीपोटी. १०० ते १२५ मधुमेहपूर्व, १२६ पासून पुढे मधुमेह, तोही दुसऱ्यांदा तपासून. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, म्हणजे एचबीएवनसी, सोयीची असली तरी लोहाच्या कमतरतेत ती खरी असते त्यापेक्षा वर दाखवते. आपल्या मुलींमध्ये रक्तक्षय किती आहे हे इथे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून हिमोग्लोबिन न बघता त्या आकड्यावर निदान करू नये.

जन्मवजन विचारण्यामागे कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासातून दिसले की आपली बाळे वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण जास्त असते. दुष्काळी पट्ट्यात अडीच किलोच्या आत जन्मलेले बाळ पुढे झपाट्याने जाड झाले, तर त्याला धोका जास्त. माता-बाल संरक्षण कार्ड तपासणीला मागवून घ्यावे.

काही तक्रारींना मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नये. दहा ते पंधरा वर्षांचा जाड मुलगा लंगडतो, गुडघा दुखतो म्हणतो आणि गुडघ्यात काहीच सापडत नाही, तेव्हा खुबा पाहावा. मांडीच्या हाडाचा गोळा वाढीच्या जागेवरून सरकलेला असू शकतो. त्याला चालू न देता त्याच दिवशी दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढावा. मलम चोळण्यात आठवडे गेले तर खुबा कायमचा जातो. रात्री घोरून श्वास अडकणारे आणि वर्गात पेंगणारे मूलही लवकर पाठवावे. आणखी एक: जास्त खाण्याने जाड झालेले मूल सहसा वयाच्या मानाने उंच असते. जाड आहे आणि उंची खुंटली आहे, तर थायरॉइड किंवा दुसऱ्या ग्रंथीचा दोष शोधावा.

हे सगळे पडद्याआड व्हावे. रांगेत वजन मोठ्याने पुकारले की त्याच दुपारी टोपणनाव पडते आणि पुढच्या वर्षी ते मूल तपासणीच्या दिवशी शाळेलाच येत नाही. आकडा लिहावा, बोलू नये. मुलींची कंबर सिस्टरनीच मोजावी. चिठ्ठी बंद पाकिटात पालकांकडे जावी आणि तीत कुठे, कोणत्या वारी, काय घेऊन यायचे हे असावे. 'वजन कमी करा' एवढेच नसावे. वाढत्या मुलाला उपाशी ठेवायचे नसते. वजन आहे तिथे रोखले, उंची वाढत गेली, तर बहुतेकांचा बीएमआय आपोआप खाली येतो. रोज तासभर घाम येईल असा खेळ, गोड पेये बंद, आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत चरबी, मीठ, साखर भरलेल्या पाकिटांच्या विक्रीला मनाई करणारा २०२० चा नियम प्रत्यक्षात पाळला जाणे, इतके झाले तरी फरक पडतो.

शेवटचा मुद्दा वेळेचा आणि जागेचा. दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, धाराशिवच्या ऊसतोड कुटुंबांची मुले कारखान्यांवर गेलेली असतात. त्यांची तपासणी जुलै-ऑगस्टमध्येच उरकावी, कारण रक्तक्षय आणि कुपोषणही तिथेच सापडते. दुसरीकडे लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरच्या क्लासेसमधली अकरावी-बारावीची मुले दिवसाचे बारा-बारा तास बसून असतात आणि मेसवर जेवतात. त्यांतल्या अनेकांचे नाव गावाकडच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर असते. पथक पट पाहून गावी जाते आणि मूल सापडत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी या वर्षी क्लासचालक आणि वसतिगृहांना पथकासाठी एक खोली आणि एक दिवस देण्याचा आदेश काढावा, तीन मापांचे कफ जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत घ्यावेत, आणि पाठवलेल्या मुलांपैकी किती रुग्णालयात पोहोचली याची तीन महिन्यांनी शाळानिहाय यादी मागवावी.

आपले,
शालेय आरोग्य तपासणीचे काम करणारे काही डॉक्टर, परिचारिका व शिक्षक,
लातूर