अल्लादीनची तलवार आणि बाबांची तक्रार

पुणे,
रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बाबांना निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं आई तिच्या पद्धतीनं सांगते, म्हणून म्हटलं या वेळी पत्रच लिहावं. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. चिकू सुखरूप पोचला, लोणच्याची बरणी शाबूत आहे, शाळा सुरू झाली. आल्यापासून त्याचा एकच प्रश्न आहे: आजोबांना माझा अल्लादीनचा गेम का आवडला नाही?

बाबा, तुम्ही त्याला म्हणालात ते त्यानं मला शब्दन् शब्द सांगितलं. "सिनेमातला पोरगा पाव चोरायचा, पण कुणाच्या अंगावर शस्त्र घेऊन जात नव्हता. हा नंगी तलवार घेऊन फिरतोय. गोष्टीची पार वाट लावली." आणि आई, तू म्हणे चष्मा पुसत विचारलंस, "यात राजकन्या कुठंय रे?" मी चिकूला सांगितलं, आजी-आजोबांनी जे पकडलंय ते भल्याभल्यांना दिसत नाही. पण त्याच्या पुढचंही थोडं आहे, ते तुम्हाला सांगते.

आधी सिनेमा. १९९२ चा, डिस्नेचा. आपण त्याची व्हीसीडी लायब्ररीतून आणायचो आणि परत करायच्या आदल्या रात्री पुन्हा लावायचो. त्यात सुरुवातीला बाजारात शिपाई अल्लादीनच्या मागे लागतात तो भाग आठवा. अबू माकड एका तलवार गिळणाऱ्याच्या घशातून सर्रकन तलवार उपसतं आणि शिपायांसमोर धरतं. सगळे घाबरून मागे सरतात. मग त्यांचा नाईक ओरडतो, अरे मूर्खांनो, तलवारी आपल्या सगळ्यांकडे आहेत! अबू तलवार हळूच खाली ठेवतं आणि धूम ठोकतं. तलवार ही या पोराची गोष्टच नव्हे, हे दिग्दर्शकांनी एका विनोदात सांगून टाकलंय. अगदी शेवटी दुष्ट वजीर जाफर साप होतो तेव्हा अल्लादीन तलवार उचलतो खरी, पण तिनंही काम होत नाहीच. म्हणजे बाबा, तुमची तक्रार बिनतोड आहे.

आता चिकूनं तुम्हाला न सांगितलेली गोष्ट. या सिनेमावरचे गाजलेले गेम दोन आहेत, आणि दोन्ही आले १९९३ च्या नोव्हेंबरात. तेव्हा अमेरिकेत सेगा आणि निंटेंडो या दोन कंपन्यांच्या यंत्रांची जोरदार चढाओढ होती. सेगाच्या यंत्रावरचा अल्लादीन व्हर्जिन कंपनीनं केला, डेव्हिड पेरी हा त्याचा मुख्य प्रोग्रॅमर. निंटेंडोवरचा केला जपानच्या कॅपकॉमनं, आणि त्याची आखणी शिंजी मिकामी या गृहस्थांची. सिनेमा तोच, नावही तेच, पण गेम पूर्ण वेगळे. चिकू तुमच्यासमोर खेळत होता तो सेगावाला. त्यात तलवार आहे. मिकामींच्या गेममध्ये ती नाहीच! तिथला अल्लादीन शिपायांच्या डोक्यावर उडी मारून पुढे सटकतो, खांबांना लोंबकळून झोके घेतो, चादरीची छत्री करून तरंगत खाली येतो. सफरचंद फेकतो, पण त्यानं माणूस नुसता गांगरतो. बाबा, हा तुमचा अल्लादीन. गंमत म्हणजे ज्या माणसाच्या गेममध्ये अल्लादीनच्या हातात तलवार नाही, त्यानंच तीन वर्षांनी रेसिडेंट ईव्हिल काढला, ज्यात चालत्याफिरत्या मढ्यांवर बंदुका चालवायच्या असतात. आणि मिकामींनी पुढे मोकळेपणानं सांगितलंय की मी स्वतः गिऱ्हाईक असतो तर दुसराच गेम घेतला असता. कारण त्यात तलवार होती, आणि चित्रं जास्त चांगली हलतात.

ही हलती चित्रं मात्र तुम्ही नीट बघायलाच हवीत. सेगाच्या गेमसाठी डिस्नेच्याच चित्रकारांनी कागदावर पेन्सिलीनं चित्रं काढली, सिनेमासाठी काढतात तशीच. मग ती स्कॅन करून, रंगवून, दाबून दाबून कार्ट्रिजमध्ये, म्हणजे यंत्रात खुपसायच्या गेमच्या डबीत, बसवली. ते अख्खं कार्ट्रिज दोन एमबीचं होतं. आई, तू ग्रुपवर सकाळी टाकतेस ना, तसल्या एखाद्या सुप्रभातच्या फोटोएवढ्या जागेत सिनेमातलं सगळं अग्राबा शहर, तऱ्हेतऱ्हेचे शिपाई आणि संगीत.

एक गोष्ट करून बघा. चिकूला सांगा, हात काढ आणि काहीच करू नकोस. आपला पोरगा नुसता उभा राहत नाही, खिशातलं सफरचंद काढून वर उडवत झेलत बसतो. गावातल्या कट्ट्यावर बसलेल्या रिकामटेकड्या पोरासारखा. खेळणाऱ्यानं हालचाल केली नाही तरी पात्रानं आपल्या स्वभावात राहावं, हे त्या काळच्या गेममध्ये फारसं नव्हतं. बाजारात निखाऱ्यांवरून मागे येणारा शिपाई पाय भाजून नाचायला लागतो, दुसऱ्याची विजार घसरून आतली चट्ट्यापट्ट्याची चड्डी दिसते, उंटाच्या पाठीवर उडी मारली की उंट तोंडातून पिचकारी मारतो. म्हणून त्या तलवारीचा राग येत नाही मला. तिनं कुणी मरत नाही, फजिती होते आणि धुराचा फुगा उठतो. सिनेमाची गोष्ट सुटली, पण सिनेमाचा हात सुटला नाही.

मग गोष्ट कुठं सुटली? माझ्या मते ती यंत्राच्या हातात धरायच्या पट्टीवर सुटली. सेगाच्या त्या पट्टीवर तीन बटणं. एक उडी, एक तलवार, एक सफरचंद फेकायला. खोटं बोलायला बटण नाही.

आणि हा सिनेमा तर सबंध खोटं बोलण्याबद्दल आहे, बाबा. तो राजपुत्र असल्याचं सांगतो, राजकन्या जस्मिनशी खोटं बोलतो, दिव्यातल्या जिनीला दिलेला शब्द फिरवतो. शेवटी जाफरला हरवतो तेही थापेनंच. तुम्हाला तो प्रसंग फार आवडायचा, टाळी द्यायचात. जाफर सुलतान झालाय, जगातला सगळ्यात मोठा जादूगार झालाय, एवढा थोरला साप होऊन अल्लादीनला विळखा घालून बसलाय. आणि हा गुदमरता गुदमरता म्हणतो, तुला शक्ती दिली ती जिनीनं, तोच तुझ्यापेक्षा मोठा. झालं. जाफरचा अहंकार दुखावतो, तो तिसरी इच्छा मागतो की मलाच जिनी कर, आणि मनगटात बेड्या पडून त्याच्या इयागो पोपटासकट दिव्यात कोंडला जातो. शक्ती हवी तर कैदही घ्यावी लागते. केवढी चोख रचना आहे ही!

गेममध्ये जाफर कसा हरतो माहितीय? सफरचंदं मारून. तो ओढून घेतो, तुम्ही सफरचंदं मारता. तो साप होतो, तुम्ही आणखी सफरचंदं मारता. संपलं. मिकामींच्या गेममध्येही शेवटी मारच खातो, फक्त उड्यांचा. इथं मला दोन्ही गेमचा राग आहे. तलवार दिली त्यापेक्षा हे वाईट झालं. पोराच्या हातात काय दिलं हा प्रश्न निदान वरवरचा, पण त्याच्या डोक्यातून काय काढून घेतलं ते बघा.

आई, तुझ्या प्रश्नाचंही उत्तर त्याच पट्टीत आहे. जस्मिन सिनेमात काय करते? वाद घालते, राजवाड्यातून पळते, बाजारात भुकेल्या पोराला सफरचंद उचलून देते आणि पैसे द्यायचे असतात हेच तिला ठाऊक नसतं. यातलं उडी, तलवार, फेक काहीच नाही. म्हणून सेगाच्या गेममध्ये ती जवळजवळ गायब, शेवटी बक्षीस म्हणून हजर. सफरचंद तेवढं राहिलं, त्याचं हत्यार झालं. कॅपकॉमवाल्यांनी निदान एक भाग तिला दिला. गालिच्यावरची रात्रीची सफर, ती आणि तो, अंगावर येणारं कुणी नाही, नुसती रत्नं वेचत जायचं. चिकूला तो भाग कंटाळवाणा वाटतो. मला त्या गेममधला सगळ्यात चांगला वाटतो.

पण दोन जागी गेमनं सिनेमावर मात केलीय, हे मान्य करायला हवं. जिनी दिव्यातून बाहेर येऊन गाणं म्हणतो, तुम्ही दोघं खो खो हसायचात ते. सिनेमात ते गाणं आपण बघतो आणि काही मिनिटांत ते संपतं. सेगाच्या गेममध्ये आपण दिव्याच्या आतच जातो. तिथं जमीन म्हणजे जिनीचे हात, उसळायला जिनीचंच काहीतरी, सगळीकडे निळाई आणि वेडेपणा, मागे त्याच गाण्याची चाल. सिनेमात तो प्रसंग नाहीच, अल्लादीन दिव्याच्या आत पाऊलच ठेवत नाही. पण मला विचाराल तर त्या गाण्याचं मर्म तिथं जास्त कळतं, कारण तोल आपला जात असतो. तसंच गुहेतून गालिच्यावर पळतानाचं. सिनेमात तो थरार चटकन सरतो. गेममध्ये मागून लाव्हाची लाट येते, समोर वर की खाली ते दाखवणारा एक हात उगवतो, आणि चूक झाली की पहिल्यापासून. उन्हाळी कॉम्प्युटर क्लासला सर शेवटची पंधरा मिनिटं खेळायला द्यायचे तेव्हा आमची अख्खी बॅच तिथंच अडकायची. संगणकावर आला होता तोही तलवारवालाच.

डिस्नेच्याच लायन किंग सिनेमाचा गेम तर याहून कठीण होता. त्याची दुसरी लेव्हल मुद्दाम अवघड केली, असं तो बनवणाऱ्या वेस्टवूड कंपनीचे लुई कॅसल यांनी नंतर सांगितलं. अमेरिकेत लोक गेम भाड्यानं नेत, दोन दिवसांत संपवून परत आणून देत, मग विकत कोण घेणार? आपल्या लायब्ररीवाल्याला हे कळलं असतं तर त्यानं व्हीसीडीचं भाडंच वाढवलं असतं.

थोडक्यात चिकूला मी जे सांगितलं ते असं: आजोबांचा अल्लादीन बघायचा असेल तर मिकामींचा खेळ, अल्लादीनची चाल बघायची असेल तर पेरींचा, आणि जाफरला खऱ्या अर्थानं हरलेला बघायचा असेल तर सिनेमाच लाव. त्याला पटलेलं नाही. तलवार असल्याशिवाय काय मजा, असं त्याचं ठाम मत आहे, आणि नववं वर्ष सरेपर्यंत ते तसंच राहील असं दिसतंय.

हे दोन्ही गेम २०२१ पासून एकाच संचात मिळतात, तो संच चिकूच्या लॅपटॉपवर आहे. त्यात एक सोय बाबांसाठीच केल्यासारखी आहे. गेम आपोआप खेळला जातो, आपण नुसतं बघायचं, आणि वाटलं तर मध्येच बटण दाबून स्वतः खेळायला घ्यायचं. जमलं नाही तर मागेही नेता येतं. गणपतीला येऊ तेव्हा लॅपटॉप टीव्हीला जोडून देते. तार मी घेऊन येईन, तुम्ही दुकानात जाऊ नका.

बाबा, मोतीबिंदूच्या डोळ्यात थेंब अजून चालू आहेत ना? डॉक्टरांनी बंद करा म्हटलं नसेल तर बंद करू नका, बरं वाटतंय म्हणून तर मुळीच नाही. आई, गुडघ्याला पट्टा लाव. कपाटात ठेवून गुडघा बरा होत नाही.

तुमची,
ताई

ता. क. कैरीचं लोणचं चिकू नुसतं खातोय. पुढच्या वेळी तिखट जरा कमी घाल, आई.