कुत्रं लंगडतंय? रक्तही तपासून घ्या

मा. संपादक,

आमचा मोत्या सात वर्षांचा, गावठीच. गेल्या महिन्यात पुढचा डावा पाय टेकवेना, आम्हाला वाटलं जिन्यावरून उडी मारताना मुरगळला असेल, हळद-तेल लावलं, दोन दिवसांत तो पाय बरा झाला आणि मागचा उजवा धरला. तेव्हाच शंका यायला हवी होती, मुरगळलेलं दुखणं असं एका पायातून दुसऱ्या पायात जात नाही. पण एक्सरे नॉर्मल आला म्हणून आठ दिवस दुखण्याच्या गोळ्यांवरच काढले. तोवर ताप, खाणं बंद, उठताना केविलवाणं ओरडायचा.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त घेतलं. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) खूप कमी, तपासणी किटवर एर्लिकिया पॉझिटिव्ह, आणि स्लाइडवर पांढऱ्या पेशींत हेपॅटोझून हा एकपेशीय परजीवी. दोन्ही गोचिडांमुळे. एर्लिकिया तसा जीवाणू, गोचीड चावला की रक्तात जातो, त्याने सांधे सुजू शकतात. हेपॅटोझूनचं ऐकून मात्र मी हादरले, तो चावण्यातून जात नाही, कुत्रं अंग चाटताना, चावताना गोचीड गिळतं तेव्हा पोटातून शरीरात शिरतो! म्हणजे मोत्या कान खाजवत अंग चावत बसायचा आणि आम्ही बघत बसायचो.

आता २८ दिवस डॉक्सीसायक्लिन हे जीवाणूंवरचं औषध, शिवाय परजीवीवरच्या इमिडोकार्बची इंजेक्शनं चालू आहेत, कालपासून जिना चढतोय.

सगळ्यांना कळकळीनं सांगते, लंगडणाऱ्या कुत्र्याला घरातली आयब्युप्रोफेन वगैरे दुखण्याची गोळी देऊ नका, एकतर ती कुत्र्याला विषारी ठरू शकते, त्यात प्लेटलेट कमी असतील तर रक्तस्राव होतो. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात बोटं फिरवून गोचीड आहेत का बघा. आणि नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही, कारण गोचिडाची मादी रक्त पिऊन गळून पडते आणि भिंतीच्या भेगेत, फरशीच्या सांध्यात हजारो अंडी घालते, आमच्याकडे तर विजेच्या मीटरच्या पेटीमागे गोचीड सापडले. रॉकेल मात्र चोळू नका, कातडी भाजते.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत रक्ताच्या स्लाइडची सोय रोज हवी, काच, रंग आणि मायक्रोस्कोप एवढंच तर लागतं. आमच्याकडे त्यासाठी चाळीस किलोमीटर जावं लागलं, तेही भाड्याच्या गाडीने, कारण आजारी कुत्रं एसटीत कसं नेणार? आपल्या पेपरने हा विषय लावून धरावा ही विनंती.

आपली एक वाचक,
जि. सातारा