पुण्याच्या भाचीनं दाखवलं ग्वाल्हेर

संपादक महोदय, स.न.वि.वि.

परवा पुण्याहून भाची आली, म्हणाली मामा ते जुन्या शिलालेखातलं शून्य दाखव ना, आणि जन्म ग्वाल्हेरात गेला तरी मी ते कधी पाहिलंच नव्हतं! किल्ल्याच्या चढावर कातळात कोरलेलं छोटंसं चतुर्भुज मंदिर, आत इ.स. 876 चा शिलालेख. मोबाईलच्या टॉर्चमध्ये अक्षरं शोधत बसलो, फुलबागेसाठी दिलेली 270 हात लांब जमीन, देवाला रोज 50 माळा, आणि त्या आकड्यांतलं इवलंसं गोल शून्य, भाचीनं बोट न लावता हवेतच गिरवलं. सुट्टी लागली की आपण गोवा-मनालीचं तिकीट काढतो, जरूर जा, मीही जातो, पण आपलं गावही एकदा पाहुण्यासारखं बघा हो. पुढच्या रविवारी आम्ही डबा घेऊन किल्ल्यावरचं तेली का मंदिर बघायला निघालोय.

एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर