आधी पेज, मग मऊभात

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज बसलेला होता. "बरा आहे" म्हणालास, पण ताप किती ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. आईला मी काही बोललेलो नाही. परवाच्या बोलाबोलीनंतर ती अजून धुसफुसतेय. असो. सकाळ-संध्याकाळ ताप मोजून लिहून ठेव. बाकीचं पत्र जेवणाबद्दल आहे.

दूध-सीरियल सध्या बंद. आज पेज कर. अर्धी वाटी तांदूळ, पाच वाट्या पाणी. बासमती नको, तो सुटा राहतो, मग पाणी एकीकडे आणि शितं एकीकडे. जास्मिन घे, नाहीतर इंडियन स्टोअरमधला सोना मसुरी. दोन पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजत ठेव. पातेलं जाड बुडाचं आणि मोठं हवं, निम्म्याच्या वर भरू नकोस. उकळी फुटली की आच अगदी मंद आणि झाकण तिरकं. पूर्ण झाकलंस तर फेस येऊन उतू जाईल आणि त्या काचेच्या शेगडीवर करपून बसेल. पाऊण तास तरी लागतो. अधूनमधून तळापासून ढवळ. शेवटची दहा मिनिटं मात्र समोरून हलू नकोस, दाट व्हायला लागली की ती बुडाला लागते. शीत बोटांत दाबलं की मधे कणी लागता कामा नये. मीठ शेवटी, पाव चमचा, कारण आटल्यावर किती उरेल त्याचा आधी अंदाज येत नाही. घट्ट झाली तर आधणाचं पाणी घाल, नळाचं गार नको.

तुझ्या शेजारच्या व्हिएतनामी मुलाला विचार, त्यांच्याकडे आजारपणात 'चाओ' करतात, ती पेजच. काही घरांत तांदूळ आधी कोरडा भाजून घेतात, त्यानं खमंग वास येतो. आल्याचे दोन काप घातलेस तर तुलाही चालेल. आणि त्याला सांग, दिवसातून एकदा दार वाजवून जा म्हणावं. एकटं ताप काढणं बरं नव्हे. ताप १०३ च्या वर गेला किंवा तीन दिवसांत उतरला नाही तर सरळ डॉक्टरकडे जायचं, विम्याचं नंतर बघू. तिकडे पॅरासिटॅमॉलला ॲसिटामिनोफेन म्हणतात. औषध एकच आहे, तेव्हा इथून नेलेली गोळी आणि तिथलं सर्दीचं सिरप दोन्ही घेऊ नकोस, मात्रा दुप्पट होते.

बघ, पुन्हा तापावरच आलो. तुला सगळं कळतं, मान्य. एवढा पेपर छापून आला तुझा. मधूकाका तो फोनमध्ये घेऊन सोसायटीभर दाखवत फिरतोय, वाचता एक ओळ येत नाही.

पेज पचली की मऊभात. एक वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, हळदीची चिमूट, पाच वाट्या पाणी. कुकरला पाच शिट्ट्या, आणि वाफ आपोआप जिरू दे. घाईनं शिट्टी उचललीस तर पिवळं पाणी ओटाभर उडतं. पळीनं घोटून घे, वर तूप आणि ताईनं दिलेलं मेतकूट. मेतकूट शिजवायचं नसतं, डाळी-तांदूळ भाजूनच दळलेले असतात. तूप नको म्हणशील, पण एक चमचा तरी घाल.

तुम्हा अटलांटावाल्यांकडे ग्रिट्स कुठंही मिळतात. जॉर्जियानं २००२ साली कायदा करून त्यांना राज्याचा अधिकृत तयार खाद्यपदार्थ ठरवलंय. म्हणजे मक्याच्या कण्याच की! 'इन्स्टंट'ची पाकिटं घेऊ नकोस, नुसता खारट चिकट लगदा. 'क्विक' पाच-सात मिनिटांत होतात, अंगात ताकद नसेल त्या दिवशी चालतील. चव 'स्टोन ग्राउंड'ला. एक वाटीला पाच वाट्या पाणी. आधी भिजवून वर तरंगणारा कोंडा काढून टाक. पाणी उकळलं की कण्या एका हातानं भुरभुर सोडायच्या, दुसऱ्या हातानं ढवळायचं, नाहीतर गुठळ्या होतात आणि आत कोरडं पीठ राहतं. इथं मीठ मात्र पाण्यातच, मागून घातलं तर कणी अळणी लागते. मंद आचेवर पाऊण ते एक तास. तिकडे त्यात लोणी, चीज घालतात. तुला सध्या ते जड पडेल. आजी ज्वारीच्या कण्यांत करायची तसं कर: खाली उतरवून कोमट झाल्यावर ताक, चिमूटभर जिरेपूड, ठेचलेली लसूण. आचेवर ताक घातलंस तर फाटेल. तुला गोवर आला तेव्हा आठ दिवस तेवढंच तुझ्या पोटात ठरत होतं, आणि आजी वाटी घेऊन अंगणभर तुझ्या मागे. तिकडचं बटरमिल्क दाट असतं, निम्मं पाणी घाल. उरलेल्या कोरड्या कण्या फ्रीझरमध्ये ठेव, त्यात मक्याचा अंकुर असतो, बाहेर खवट होतात.

शिजवलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवायची तुझी सवय मोड. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते वाढून विष सोडतात आणि पुन्हा गरम करूनही ते जात नाही. पसरट डब्यात काढ, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. पोट आधीच नाजूक आहे. रागावू नकोस, हे तुला हॉस्टेलपासून सांगतोय.

उत्तर सविस्तर नको. ताप आणि काय खाल्लंस, दोन ओळी पुरेत.

तुझा,
बाबा

ता. क. मेतकुटाच्या बरणीत ओला चमचा घालू नकोस, बुरशी येते. ताई पुन्हा लगेच करून द्यायची नाही.