कऱ्हेचा पत्ता लावून देणाऱ्या ताईस

प्रिय ताई,

तू माझ्या धाकट्या लेकीहूनही लहान आहेस, पण छपाईच्या दुकानात सगळे तुला ताईच म्हणतात म्हणून मीही म्हणते. नाव लिहीत नाही. तुला ते आवडायचं नाही, शिवाय आपल्या पेठेत कौतुकापेक्षा चौकशा फार.

आभार मानायचे आहेत ते लॅपटॉप माझ्यापुढून न हलवल्याबद्दल. बाकीचं नंतर.

तुझ्याआधी ज्यांच्या ज्यांच्याकडे गेले, त्यांनी लॅपटॉप आधी आपल्याकडे फिरवून घेतला. मी आपली त्याच्या पाठीकडे बघत बसले. एकानं "फॉरमॅट मारावा लागेल" असं ऐकवलं आणि ते ऐकवण्याचेही पैसे घेतले. दुसरा म्हणाला, "आजी, मराठीत सर्च नीट चालतच नाही. नोंदी इंग्लिशमध्ये ठेवा ना." जात्यावरच्या ओव्या, इंग्लिशमध्ये! आमचा भाचा हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्यानं तर मशीन न बघताच फोनवरून निकाल दिला की मावशी, तूच टाइप करताना चुकली असशील. जन्मभर शाळेत शुद्धलेखन शिकवलेल्या बाईला!

माझं दुखणं एवढंच होतं. पुरंदर-बारामतीकडच्या बायकांनी सांगितलेल्या ओव्या मी लॅपटॉपमधल्या विकीच्या वहीत ठेवते. गावाचं एक पान, सांगणाऱ्या बाईचं एक पान, आणि या पानावरून त्या पानावर जायला दुवे. 'कऱ्हा' हे नदीचं नाव शोधलं की जेजुरीची पानं हजर, मोरगावचं एकही नाही. आता मोरगावचा मयूरेश्वर कऱ्हेकाठी बसलाय हे शाळकरी पोरही सांगेल. पान उघडावं तर शब्द डोळ्यांसमोर, शोधावं तर 'काही सापडलं नाही'. हळूहळू मला स्वतःच्याच डोक्याची शंका यायला लागली होती. हे घरी कुणाला बोलले नव्हते.

तू काउंटरच्या बाहेर आलीस, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलीस आणि म्हणालीस, "काकू, जेजुरीच्या पानावरच्या या शब्दाच्या शेवटी कर्सर न्या. आता बॅकस्पेस दाबत मोजा." मी मोजलं. ५. "आता मोरगावच्या पानावर." ६. शब्द तोच, दिसायला काडीचा फरक नाही, आणि कळ एक जास्त. माझा विश्वास बसेना म्हणून मी दोन्ही शब्द परत आणून परत खोडले. तेवढ्यात एकजण लग्नपत्रिकेचं प्रूफ घेऊन आला. त्याला तू थांबायला सांगितलंस. मला 'लवकर करा' म्हणाली नाहीस.

मग उलगडून सांगितलंस. 'कऱ्हा' आणि 'कर्‍हा'. एकीत ऱ हे स्वतःचा वेगळा कोड असलेलं अक्षर. दुसरीत साधा र, त्याला हलन्त, आणि पुढे डोळ्यांना न दिसणारा एक जोडणारा. झीरो विड्थ जॉइनर म्हणतात म्हणे त्याला. जुन्या कॉम्प्युटरवरचा कीबोर्ड एका रीतीनं लिहायचा, फोनवरचा दुसऱ्या. शोधणारं यंत्र अक्षराचं रूप बघत नाही, कोड ताडून बघतं. "तुमची चूक नाही काकू, आणि मराठीचीही नाही."

घरी येऊन विचार करत बसले. सासऱ्याचा वाडा, नवऱ्याचं नाव, वाऱ्या, गाऱ्हाणी... ओव्यांमधला अर्धा संसार या एका अक्षरावर उभा, आणि तो माझ्या वहीत दोन वाटण्या होऊन पडलेला! ॲचंही तसंच निघालं. त्याला २००८ साली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांच्या सामायिक अक्षरयादीत, स्वतंत्र कोड मिळाला. त्याआधी अ वर चंद्र चढवून भागवायचे. ओव्यांत ॲ कुठला यायला, पण माझ्या औषधांच्या पानावर ॲसिडिटी दोन तऱ्हांची सापडली. (पित्त एकच.)

आणि हे सगळं पुण्यात बरं का. सीडॅक ही सरकारी संगणक संस्था इथेच, १९८८ पासून. कॉम्प्युटरात बसवायच्या जिस्ट कार्डातून पडद्यावर देवनागरी उमटवण्याचं काम त्यांनी केलं. अर्ध्या महाराष्ट्रातल्या पत्रिका ज्या श्रीलिपीच्या फाँटांत छापल्या गेल्या ती पुण्याचीच. त्या गावात मला सांगतात, मराठीत सर्च चालत नाही! येत नसेल तर येत नाही म्हणावं. त्यात कमीपणा कसला? तूसुद्धा आधी तेच म्हणालीस, "हे ॲप मी कधी वापरलेलं नाही, पण शब्द बघू." जुन्या फाँटमधल्या फायली दिवसभर युनिकोडमध्ये आणणारी मुलगी तू, शब्दाकडे बघायचं तुला सुचलं. माहिती पुष्कळांकडे असते गं. समोरच्या म्हाताऱ्या माणसाला आधी खरं धरायचं, हे फार थोड्यांना जमतं.

पुढे तू काय काय केलंस ते मला सांगता यायचं नाही. आधी सगळी वही पेनड्राइव्हवर घेऊन तो माझ्या पर्समध्ये टाकायला लावलास, आणि मगच सगळे ऱ एका वळणावर आणलेस, एवढं कळलं. वर एक चिठ्ठी छापून दिलीस: अख्खा शब्द शोधायचा नाही, 'कऱ्ह' लिहून पुढे स्टार द्यायचा, म्हणजे कऱ्हेला, कऱ्हेच्या, कऱ्हेकाठी सगळ्या येतात. प्रिंटचे पाच रुपये घेतलेस. जास्त देत होते, तर गल्ला बंद केलास.

आता तुला सांगायची खरी गोष्ट. त्याच संध्याकाळी स्टार देऊन शोधलं, तर जेजुरीची आणि मोरगावची पानं पहिल्यांदाच एकाखाली एक आली. दोन बायका, एकमेकींना कधी न भेटलेल्या. ओवीची पहिली ओळ दोघींची जशीच्या तशी. दुसऱ्या ओळीत एकीची कऱ्हा खंडोबाच्या पालखीला अंघोळ घालते, दुसरीची मोरयाचे पाय धुते. दोन्ही मीच टिपून घेतलेल्या, पण शेजारी शेजारी कधी ठेवल्याच नव्हत्या.

सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी कऱ्हेवर जाते. पुढच्या सोमवतीला मी जेजुरीला जाणार आहे, त्या बाईंना मोरगावची ओवी ऐकवायला. दुकानातून सुटी मिळाली तर चल. गाडी पहाटेच काढावी लागेल, नाहीतर गर्दीत गड लांबूनच बघायचा. डबा माझ्याकडे.

तुझी,
सदाशिव पेठेतली काकू