डहाणूच्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

पुस्तक छापून आलं. तुमची प्रत पोस्टाने निघाली आहे. आत नाव घालू नका म्हणालात, ते ऐकलं. पण हे पत्र सगळ्यांसमोर लिहिणार, त्याला नाही म्हणायचं नाही.

सुगरण पक्ष्यावर लहान मुलांसाठी चित्रपुस्तक करायचं, एवढं ठरवून मी तुमच्याकडे आले होते. गोष्ट तयार होती, चित्रांत मात्र जीव येत नव्हता. खाली जमीन, वर आभाळ, मधे झाड, झाडाला घरटं. सगळं जागच्या जागी आणि सगळं कंटाळवाणं.

तुम्ही तांदळाचं पीठ डिंकाच्या पाण्यात कालवलंत, बांबूची काडी चावून टोक मऊ केलंत आणि गेरूच्या भिंतीवर वारली पद्धतीचे दोन त्रिकोण काढलेत, टोकाला टोक लावून. वरचा जरासा कलता. तेवढ्या कलण्याने बाई हंडा घेऊन चालायलाच लागली! जमीन कुठेय, मी विचारलं. ‘बाई चाललीय ना? मग असंलच की खाली,’ म्हणालात आणि पुढच्या बाईकडे वळलात.

माझं पुस्तक त्या उत्तरावर उभं आहे. तारपा, म्हणजे भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य, वाजवणारा मधे आणि नाचणाऱ्यांची रांग त्याच्याभोवती वळत गेलेली. या चित्राला वरची बाजू कुठली? तीन वर्षांचं पोर तरी पुस्तक कुठे सरळ धरतं! म्हणून मधलं जोडपान मी विहिरीत वरून डोकावल्यासारखं केलं. चहूकडून घरटी पाण्यावर लोंबतात, आणि ती बघायला पुस्तक गोल फिरवावं लागतं.

ती विहीरही तुम्हीच दाखवलीत. पावसाळ्यात पिवळ्या डोक्याचे नर पात्यांचे धागे सोलून आणत होते. विणकाम सगळं नराचं. अर्धं झालं की घरटं उलट्या टोपीसारखं दिसतं, मधे बसायला एक आडवी पट्टी. मादी येते, आत शिरून तपासते. पसंत पडलं तर नर खाली नळी विणून ते पुरं करतो, नाहीतर ते तसंच लटकत राहतं. मी पुऱ्या घरट्यांचे फोटो काढत होते, तुम्ही बोट दाखवलंत ते नापसंत टोप्यांकडे. आता गोष्टीचा नायक तशाच एका टोपीचा मालक आहे.

आणखी एक. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती मिळायलाच हवी होती. पण त्याआधी पिढ्यान् पिढ्या लग्नघरात भिंतीवर पालघट देवीचा चौक, म्हणजे तिचं चौकोनी चित्र, लिहिणाऱ्या सवाशिणींची नावं कोणी टिपून ठेवली नाहीत. तारप्याचा नाच आता मग, ओढणी, मोबाइलच्या कव्हरावर सगळीकडे दिसतो; चौक आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी माहीत असलेले शहरात फारसे भेटत नाहीत. (तुमचं नाव न घालण्यावर माझा राग आहे तो यामुळेच. असो.)

भाताची झोडणी आटोपली की येते. पुढच्या पुस्तकात मुंग्या आहेत, आणि माझ्या मुंग्या अजून किडक्या तांदळासारख्या दिसतात. काडी चावून ठेवा.

तुमची,
शहरातली भाची